डावा हात वर

नवा रायपूरचे रस्ते माणसांच्या आधी तयार झाले. सहापदरी रस्ते, मध्ये दुभाजक, दुभाजकात कण्हेर, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, आणि त्या सगळ्यावरून दिवसाला जाणार कोण, तर आमच्या सरकारी खात्याच्या बसेस आणि गायी. माझं ऑफिस शहरातून तिकडे हलवलं तेव्हा मी बाकीच्यांसारखाच कुरकुरलो होतो. एका बाजूचं अंतर बावीस किलोमीटर वाढलं. पुढे माझ्या लक्षात आलं की एवढा गुळगुळीत आणि एवढा मोकळा रस्ता आपल्याला जन्मात परत मिळणार नाही, आणि मी सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल घेतली. बायकोने माझ्या आधी घेतली होती. ती समता कॉलनीत एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते आणि रविवारी स्वतःचे.

आमचा रविवारचा गट चौघांचा. मी, बायको, रेल्वेत नोकरी करणारा एक वर्ध्याकडचा गडी आणि काका. काकांचं रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाचं दुकान. घर ब्राह्मणपाऱ्यात, घराणं भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी आणि मधूनमधून छत्तीसगढी. 'हो' म्हणायचं असेल तर ते 'हव' म्हणतात. गट त्यांनीच सुरू केला. त्यांचं वय तेव्हा त्रेपन्न होतं आणि ते आमच्यात सगळ्यांत पुढे असत. रेल्वेवाला त्या वेळी लोखंडी, बिनगिअरच्या सायकलवर यायचा आणि सगळ्यांत मागे राहायचा.

गटाचा नियम एकच होता आणि तो काकांनी घालून दिलेला. नव्या रायपुरात शिरल्यावर एका वळणावर चहाची गुमटी, म्हणजे टपरी आहे, कडुनिंबाच्या झाडाखाली. जो पहिला त्या वळणावर पोहोचेल त्याने मागे वळून पाहायचं. कोणी मागे राहिलं असेल तर डावा हात वर करायचा आणि पाय सोडून द्यायचे, म्हणजे पेडल मारणं थांबवायचं. हात दिसला की बाकीच्यांनीही पाय सोडायचे. शेवटचा आला की मगच पुढे. चहा प्यायचा असो वा नसो, हा नियम सहा वर्षं एकाही रविवारी मोडला गेला नाही. पुढेपुढे तो नियम राहिलाच नाही. गिअर बदलावा तसा हात आपोआप वर जायचा.

सहा वर्षांत मागेपुढे राहणारी माणसं मात्र बदलली. रेल्वेवाल्याने चांगली सायकल घेतली आणि तो आमच्यात सगळ्यांत वेगवान झाला. काकांचा उजवा गुडघा झिजला आणि ते मागे पडू लागले. आता हात रेल्वेवाला वर करायचा आणि वाट काकांची पाहिली जायची.

हिवाळ्यात इथे सायकलप्रेमी मंडळी एक स्थानिक शर्यत घेतात. तिला क्रायटेरियम म्हणतात. म्हणजे लांब कुठे जायचं नाही, एकाच छोट्या रस्त्यावर गोल फेऱ्या मारायच्या. आमच्याकडे ती एका सेक्टरभोवती होते: चार वळणं, दोन लांब सरळ रस्ते, दोन आखूड. आयोजक सांगतात की एक फेरी अडीच किलोमीटरची आहे. मी तीन वेळा मोजली. दोन किलोमीटर तीनशे साठ मीटर भरते. तेरा फेऱ्यांमध्ये हा फरक पावणेदोन किलोमीटरच्या वर जातो. मी हे आयोजकांना सांगितलं, त्यांनी आभार मानले आणि पुढच्या वर्षीच्या फलकावर पुन्हा अडीचच लिहिलं.

या शर्यतीत एक नियम फार कडक आहे. पुढचा घोळका फिरत फिरत मागून येऊन ज्याला गाठेल, त्याच्या नावाने शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की शर्यत संपली, सायकल घेऊन बाजूला व्हायचं. आणि जे शेवटपर्यंत टिकतात त्यांच्यासाठी ज्याच्या त्याच्या शेवटच्या फेरीच्या सुरुवातीला घंटा वाजते. घंटा कुठल्याशा शाळेतली, पितळी, जाडजूड. तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगलेली. एक माणूस लाकडी हातोडी घेऊन तिच्याजवळ उभा असतो.

काका दोन वर्षं या शर्यतीत उतरले आणि दोन्ही वर्षं आठव्या फेरीत शिट्टी ऐकून बाहेर आले. दोन्ही वर्षं ते हेल्मेट काढून, सायकल हातात धरून त्या घंटेच्या बाजूलाच उभे राहिले आणि आम्ही येईपर्यंत तिथून हलले नाहीत. तिसऱ्या वर्षी, शर्यतीच्या आधीच्या महिन्यात, माझ्या बायकोने त्यांचा गुडघा पाहिला आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरांनी सांगितलं, त्यानंतर फिरायला सायकल चालेल, पण शर्यत नाही.

पुढच्या रविवारी गुमटीवर चहा पिताना काका म्हणाले, "बस, एवढंच पाहिजे मले. सायकलच्या गादीवर बसून ती घंटा ऐकायची आहे. उभ्याने दोनदा ऐकली."

"ऐकाल," माझी बायको म्हणाली.

"तुम्ही कोणी माझ्यासाठी थांबायचं नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो. या वर्षी आपला पोट्टा तिसरा तरी आला पाहिजे." पोट्टा म्हणजे रेल्वेवाला, जो सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि ज्याला दोन मुली आहेत. आदल्या वर्षी तो पाचवा आला होता.

रेल्वेवाला म्हणाला, "काका, मले पोट्टा म्हणता आणि वरून जिंकायले सांगता. एक काहीतरी ठरवा."

"जिंकून ये, मग साहेब म्हणतो."

"साहेब हे आहेत," त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "त्यांना हिशेब करू द्या आधी."

हिशेब मी केलेला होताच. पुढचा घोळका एक फेरी साधारण पावणेचार मिनिटांत मारतो, म्हणजे दोनशे पंचवीस सेकंद. शेवटची घंटा ऐकायची तर त्यांची तेरावी फेरी संपायच्या आत काकांच्या बारा फेऱ्या झाल्या पाहिजेत. म्हणजे दर फेरीला अठरा सेकंद मागे पडलं तरी चालेल, एकोणीस चालणार नाही. आदल्या वर्षी काका दर फेरीला तीस सेकंद मागे पडत होते.

मी हे सांगितल्यावर काकांनी कप खाली ठेवला. "अठरा," ते म्हणाले. "हव." आणि कप उचलून उरलेला चहा एका घोटात संपवला.

शर्यतीच्या सकाळी थंडी होती. शर्यतीतला आमचा वयोगट चाळीस वर्षांवरच्यांचा, एकूण सव्वीस जण. बायकांची वेगळी शर्यत लावावी एवढ्या बायका आल्या नव्हत्या, म्हणून माझी बायको आणि भिलाईच्या दोघीजणी आमच्यातच होत्या. आमची योजना साधी होती. मी आणि बायकोने रेल्वेवाल्याला वाऱ्यापासून आडोसा द्यायचा. सायकलच्या शर्यतीत वारा पुढच्याला लागतो, त्याच्या मागे चिकटून चालणाऱ्याचे कष्ट बरेच वाचतात. आम्ही दोघांनी दहाव्या फेरीपर्यंत त्याला असं झाकून न्यायचं आणि मग तो आणि त्याचे पाय. काका आपले आपण.

पहिल्या पाच फेऱ्या अपेक्षेपेक्षा बऱ्या गेल्या. घोळका तसा शांत होता. काका आमच्या मागेच, सगळ्यांत शेवटी, पण घोळक्यात होते. मी दर वळणाला मागे बघत होतो. त्यांचा चेहरा कापडाचा भाव ठरवताना असतो तसा झाला होता. काही कळू न देणारा. पाच फेऱ्यांत त्यांचे सेकंद जवळजवळ शून्य गेले. मी मनात नोंद केली आणि बायकोला सांगायला गेलो.

"अहो, गणित नंतर," ती पुढे बघत म्हणाली. "पाय मारा."

सहाव्या फेरीच्या सुरुवातीला घोळक्याने वेग वाढवला. दुसऱ्या वळणापर्यंत आम्ही तिघं पुढच्या दहांत पोहोचलो होतो. तिसरं वळण म्हणजे ती गुमटी. कडुनिंब, लाकडी बाक, स्टोव्हवर पातेलं, सगळं जिथल्या तिथे. पाच वेळा आम्ही त्याच वळणावरून गेलो होतो आणि काही झालं नव्हतं, कारण पाचही वेळा काका आमच्या मागोमाग होते. सहाव्या वेळी रेल्वेवाल्याने मागे वळून पाहिलं. काका नव्हते.

त्याचा डावा हात वर गेला.

त्याने पाय सोडले. माझ्या बायकोने पाय सोडले. मीही सोडले. मी शर्यतीत आहे, हे मला ठाऊक होतं; तरीही हात दिसला आणि पाय थांबले. आमच्या डाव्या-उजव्या बाजूंनी लोक सुसाट निघून गेले. त्यातला एकजण जाता जाता ओरडला, "भैया, चाय पीने रुके हो क्या?"

गुमटीवाल्याने खरंच आमच्याकडे बघून किटली उचलली. त्या बिचाऱ्याला काय माहीत. सहा वर्षं तो तेच बघत आला होता.

रेल्वेवाल्याने हात खाली घेतला आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "हे काय केलं मी?" तो म्हणाला.

घोळका सत्तर-ऐंशी मीटर पुढे गेला होता.

"जा तू," बायको त्याला म्हणाली. "अजून सापडतील. आम्ही येतो मागून."

तो पेडलवर उभा राहिला, दोनचार पाय मारले, आणि पुन्हा बसला. मागून काका येताना दिसत होते. मान खाली, खांदे हलत असलेले. थकलेल्या माणसाचेच खांदे हलतात. ते घोळक्यापासून सुटून वीसेक सेकंद मागे पडले होते आणि एकटे वारा खात होते.

"जाऊ दे वहिनी," रेल्वेवाला म्हणाला. "तिकडे काय माझं लगीन लागून राहिलं?"

काका आमच्यापर्यंत आले आणि त्यांनी आम्हाला ओळखलं, तेव्हा त्यांना आनंद झाला नाही. ते चिडले. सहा वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"काहून थांबले तुम्ही? सांगितलं नव्हतं मी?"

"थांबलो नाही काका," रेल्वेवाला म्हणाला. "हात वर गेला."

"हात कसा जातो वर?"

"तुम्हीच लावली सवय. आता मलेच रागावता."

चारही सायकली चालूच होत्या, पण मुंबई-हावडा गाडी जाऊ द्यायला बाजूला रेंगाळणाऱ्या मालगाडीसारख्या. मग काका म्हणाले, "दया करून राहिले का माझ्यावर?"

"दया नाही," माझी बायको म्हणाली. "सवय. आता ओरडायचं की चालवायचं?"

"चालवायचं."

"मग मधे या. आणि पुढे यायचं नाही. तो गुडघा माझ्या देखरेखीखाली आहे."

"हव, मॅडम," काका म्हणाले, आणि आमच्या मधे आले.

इथून माझी शर्यत बदलली आणि मला ती आवडू लागली. घोळक्यात मी नेहमी घाबरलेला असतो. कोणाचं चाक कुठे लागेल याचा नेम नाही. चौघं म्हणजे रविवारच होता. रेल्वेवाला पुढे राहून वारा खायची लांब पाळी घ्यायचा, मग मी, मग बायको, आणि काका सतत कोणाच्या तरी मागे, आडोशाला. आमचा हिशेब मी रेल्वेवाल्याच्या मागे राहून नव्याने मांडला. पहिल्या पाच फेऱ्यांत काही गमावलं नव्हतं. सहाव्या फेरीत पंचवीस सेकंद गेले. दोनशे उरले आणि ते सहा फेऱ्यांना पुरवायचे होते. म्हणजे दर फेरीला तेहतीस सेकंदांपर्यंत मागे पडलो तरी चालणार होतं.

"तेहतीस," मी ओरडून सांगितलं.

"काय तेहतीस?" रेल्वेवाला.

"परवडतात."

"बाजारात आहो का आपण?"

सातव्या, आठव्या फेरीत आम्ही सत्तावीस-सत्तावीस सेकंद मागे पडलो. हे ठीक होतं. पण सेकंद बघण्यापेक्षा सोपी खूण म्हणजे पुढचा घोळका कुठे दिसतो ती. सेक्टरच्या मधल्या प्लॉटांवर अजून काही बांधलेलं नाही, नुसतं गवत आणि सिमेंटचे खुंट. त्यामुळे या बाजूच्या लांब रस्त्यावरून त्या बाजूचा लांब रस्ता स्वच्छ दिसतो. नवव्या फेरीला आम्ही या बाजूला होतो आणि ते बरोबर समोर, त्या बाजूला. रंगीत सदऱ्यांची एक ओळ, उलट दिशेने जाणारी. म्हणजे आमच्यात अर्ध्या फेरीचं अंतर पडलं होतं. शर्यतीत त्यांच्या अर्धी फेरी मागे, आणि रस्त्यावर त्यांच्या अर्धी फेरी पुढे. इथून पुढे ते आमचा पाठलाग करत होते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

दहाव्या फेरीत काकांनी एकदा गुपचूप बाजूने पुढे येऊन पाळी घ्यायचा प्रयत्न केला. बायकोने न बघता हात आडवा केला. "मागे."

"दुकानात मी एवढं कोणाचं ऐकत नाही," काका म्हणाले.

"म्हणून गुडघा गेला."

अकराव्या फेरीत पुढच्यांनी वेग वाढवला. आमचा मात्र कमी झाला. काकांच्या उजव्या पोटरीत गोळा आला होता. ते एका पायाने जोर लावत होते आणि दुसरा नुसता फिरवत होते. आम्ही त्यांच्या वेगाने चालत होतो; त्याहून जोरात गेलो असतो तर आडोशाचा उपयोग नव्हता. अकरा फेऱ्या पुऱ्या करून आम्ही रेषेवरून पुढे गेलो, तेव्हा घंटेवाला माणूस आमच्याकडे बघतही नव्हता. तो आमच्या मागे, दूर बघत होता आणि हातोडी त्याने उचलून धरली होती.

पहिल्या वळणाच्या पुढे गेल्यावर मागून घंटा ऐकू आली. बराच वेळ वाजत होती.

"ही आपली नाही," काका म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "ही त्यांची. आपली रेषेवर आहे. ते यायच्या आत आपण रेषेवर पोहोचलो पाहिजे."

"किती आहेत?"

"पन्नासेक सेकंद." खरं तर त्याहून कमी असावेत असं मला वाटत होतं. खात्री नसलेला आकडा मी सहसा सांगत नाही.

दुसरं वळण. तिसरं वळण, गुमटी. गुमटीवाला आता उभा राहून बघत होता. चौथ्या वळणाच्या अलीकडे मी मागे पाहिलं आणि ते दिसले. पुढे लाल झेंडी लावलेली मोटारसायकल आणि तिच्या मागे सगळे, रस्ताभर पसरलेले, शेवटच्या झेपेसाठी एकमेकांना जोखत असलेले. तेच आमच्या कामी आलं. जोखताना वेग थोडा कमी होतो.

चौथ्या वळणानंतर रेषा चारशे मीटरवर. मोटारसायकलवाल्याने हॉर्न दिला, म्हणजे डावीकडे सरका. आम्ही सरकलो. काकांचा श्वास मला ऐकू येत होता. रेल्वेवाला त्यांच्या बाजूला गेला आणि त्याने त्यांच्या पाठीला लावायला हात पुढे केला.

"हात लावू नको," मी म्हणालो. "नियमात नाही."

माझ्या बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून माझ्या लक्षात आहे. पण हात लावून ढकललं तर ती घंटा काकांची झाली नसती, निदान मला तरी तसं वाटलं. रेल्वेवाल्याने हात मागे घेतला. काकांनी बहुतेक माझं बोलणं ऐकलं होतं. ते गादीवरून उठले. दुखरा पाय, गोळा आलेली पोटरी, सगळ्यासकट ते पेडलवर उभे राहिले आणि आमच्या पुढे गेले. त्यांना मागे बोलवायला कोणी हात आडवा केला नाही. सहा वर्षांपूर्वी ते असेच पुढे असत. कोपरं थोडी बाहेर, डोकं एका बाजूला कललेलं. मी ते विसरलो होतो.

रेषेवरून ते पहिले गेले, मग आम्ही तिघं. घंटेवाल्याने हातोडी खाली ठेवून दिली होती. त्याने पंचांकडे पाहिलं. पंच म्हणजे एक निवृत्त क्रीडाशिक्षक, गळ्यात शिट्टी. शिट्टी त्यांनी तोंडाजवळ नेलेली होती. त्यांनी मागच्या घोळक्याकडे पाहिलं, रेषेकडे पाहिलं, शिट्टी खाली सोडली आणि मान डोलावली. घंटेवाला धावत हातोडीकडे गेला.

घंटा चार वेळा वाजली. चौघं होतो म्हणून चार, की त्याला तेवढंच सुचलं, ते मी विचारलेलं नाही. तिचा आवाज विरायच्या आत पुढच्यांची झेप आमच्या मागे रेषेवर संपली. लोक ओरडत होते आणि ते सगळे धापा टाकत आमच्या उजवीकडून पुढे निघून सावकाश थांबले. त्यांची शर्यत झाली होती. आमची एक फेरी बाकी होती.

ती फेरी आम्ही कशी मारली हे सांगायला फारसं काही नाही. मागे कोणी नव्हतं, शिट्टीची भीती नव्हती. ऊन वर आलं होतं आणि थंडी गेली होती. पहिल्या वळणावरचा स्वयंसेवक खुर्ची घडी करत होता. आम्हाला बघून त्याने ती परत उघडली. दुसऱ्या वळणावर दोन गायी रस्त्यात येऊन उभ्या होत्या, आम्ही त्यांना वळसा घातला. पोटरी सुटावी म्हणून काका मधूनमधून पाय लांब करत होते.

गुमटी आली तसा काकांचा डावा हात वर गेला. या वेळी मुद्दाम.

"आता कोण शिट्टी मारतो?" ते म्हणाले. "चहा घेऊन जाऊ."

गुमटीवाल्याने किटली उचलली.

"आधी रेषा," माझी बायको म्हणाली. "चहा नंतर. चला."

"पाहून राहिला ना बेटा," काका रेल्वेवाल्याला म्हणाले, "आपल्या हातात काही नाही."

रेषेवर आम्ही चौघं शेजारीशेजारी, एका ओळीत आलो. ओळीत का होईना, क्रम लागतोच. आमचे नंबर लागले एकविसावा ते चोविसावा, आणि काकांनी मुद्दाम ब्रेक लावून चोविसावा घेतला. बाकीच्या दोघांना आधीच शिट्टी मिळाली होती. तोवर पोह्यांच्या पातेल्यात तळाचे पोहे राहिले होते आणि जलेबी संपली होती. बक्षीससमारंभ सुरू झाला होता. काका सायकल टेकवून घंटेजवळ गेले. तिसऱ्या वर्षीही ते तिथेच उभे राहिले, पण या वेळी हेल्मेट डोक्यावर होतं. त्यांनी घंटेला बोट लावून पाहिलं आणि घंटेवाल्याला विचारलं, "भैया, ये कितने किलो की होगी?" त्याला माहीत नव्हतं.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. मी पंचांकडे गेलो आणि विचारलं की आम्हाला घंटा देणं नियमात बसतं ना, की आमची वयं बघून दिली.

"अंकल," ते म्हणाले. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठे होते. "लाइन पे आप लोग पहले थे। आठ-दस सेकंड पहले। इसमें क्या सोचना।"

मी परत आलो तेव्हा बायको म्हणाली, "विचारून आलात ना?"

"हो."

"मिळालं समाधान?"

"मिळालं."

"बरं झालं. नाहीतर काकांना घंटा परत करायला पाठवावं लागलं असतं."

तिसरा आला तो राजनांदगावचा एक माणूस होता. त्याने मंचावर ट्रॉफी उंच धरली तेव्हा रेल्वेवाल्याने टाळ्या वाजवल्या, मोठ्याने. मी त्याच्या शेजारी उभा होतो. आदल्या रविवारी सरावात रेल्वेवाल्याने शेवटचे चारशे मीटर किती वेळात मारले होते ते मला ठाऊक होतं. राजनांदगावच्या माणसाचा वेळ फलकावर लागला होता. सहाव्या फेरीपासून गमावलेले सेकंद वजा करून तो तिसरा आला असता का, ते काढायला दोन मिनिटंही लागली नसती. माझे ओठ हलत असावेत, कारण रेल्वेवाला माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, ते नका काढू."

"काय?"

"जे काढून राहिले ते."

मी थांबलो. नंतर आम्ही गुमटीवर गेलो. काकांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि रेल्वेवाल्याला त्या दिवशी ते ठरल्याप्रमाणे साहेब म्हणाले. तो तिसरा आला नव्हता तरी. उन्हाळ्यात काकांची शस्त्रक्रिया झाली. सायकलला अजून वेळ आहे, म्हणून आता ते रविवारी स्कूटीवर येतात, बाकावर बसतात, आणि आम्ही वळणावर दिसलो की डावा हात वर करतात, म्हणजे आम्हाला थांबावंच लागतं.

ते आकडे अजून माझ्याकडे आहेत. वजाबाकी मी केलेली नाही.